ताटाखालचं नाव

पत्र आलं तेव्हा माझे दोन्ही हात तंबाखूच्या चिकानं काळे झालेले, म्हणून मी पाकीट दातांनीच फोडलं.

"अगं, सरकारी कागद आहे. दात काय लावतेस?" नार्सो म्हणाला. नार्सो माझा नवरा.

"तुझे हात तरी कुठं धुतलेले आहेत," मी म्हटलं.

आम्ही भट्टीपुढच्या मांडवात बसून काठ्यांना पानं ओवत होतो. मार्च महिना. पहाटेपासून तोडलेली पानं ढिगानं पडलेली, आणि ती सगळी त्याच दिवशी ओवून भट्टीत टांगायची होती. तोडलेलं पान कुणासाठी थांबत नाही. ढिगात तापलं की काळं पडतं आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. माझी पाठ धरली होती, बोटांना दोऱ्याचे वळ उठले होते, आणि तशात ते पत्र. मी एकदा मनात वाचलं आणि अशी काही उसळले की ओवलेली अख्खी काठी मांडीवरून खाली गेली.

"तातांग," मी सासऱ्यांना म्हटलं, "तुम्हाला बोलावलंय. परवा, गुरुवारी सकाळी नऊला. नगरपालिकेत लष्कराचं मंडळ बसणार आहे, जुन्या नोंदी दुरुस्त करायला. एकच दिवस बसणार. दोन साक्षीदार आणा म्हणतात."

तातांग सत्तरीचे, पण ओवण्यात आम्हा दोघांना मागं टाकायचे. त्यांचा हात थांबला.

"परत वाच," ते म्हणाले.

मी वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचून होईतो ते उभे राहिले होते. ओवायची सुई अंगठ्यात शिरून रक्त आलं होतं, त्याचाही त्यांना पत्ता नव्हता. एकोणपन्नास वर्षं वाट बघितलेला माणूस. मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं.

आता हे प्रकरण काय ते सांगून टाकते, कारण गावात त्याच्या दहा कथा आहेत आणि त्यातल्या नऊ खोट्या आहेत. तातांगांचं बाप्तिस्म्याचं नाव क्रिसान्तो आग्बायानी. आमच्या घरात हे नाव कुणी तोंडानं घेत नाही. मी इथं लिहितेय, कारण लिहायला हरकत नाही. आजाराला वाचता येत नाही.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी जपान्यांना डोंगरातून हुसकायला आमच्याकडची पोरं भरती झाली, त्यात हे एकवीस वर्षांचे. खिंडीकडं चढताना हिवतापानं आडवे पडले. तुकडी पुढं गेली. यांची आई आणि थोरली बहीण रेमिगिया रेड्याची ओढगाडी घेऊन गेल्या आणि यांना उचलून घरी घेऊन आल्या. तुकडीत कुणाला तरी सांगून यायचं असतं, हे त्या बायकांना कुठलं माहीत? हजेरीला माणूस नाही म्हणून वहीत लिहिलं गेलं, 'पळाला'. लिहिणाऱ्याची त्यात चूक नव्हती. चूक आमचीच.

घरी आणलं तरी ताप उतरेना. मग आईनं आमच्याकडं करतात ते केलं. आजार माणसाला नावानं शोधत येतो. नाव बदललं की तो दारावरून परत जातो. आजाऱ्याच्या डोक्यावर ताट धरायचं, आरशाच्या पाठीवर अंडं उभं करायला घ्यायचं आणि एकेक नाव उच्चारायचं. ज्या नावाला अंडं उभं राहील ते त्याचं नाव. याला ताटाखालचं बारसं म्हणतात. अंडं उभं राहिलं फाउस्तो या नावाला, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मात्र जुनं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही, आणि ज्याचं होतं त्यानं त्या हाकेला ओ द्यायची नाही. दिली की आजाराला पत्ता लागला.

तीन आठवड्यांत तातांग परत डोंगर चढले. त्यांची तुकडी कुठल्या कुठं गेलेली. भेटली त्या तुकडीत शिरले आणि नाव सांगितलं फाउस्तो. झालं. खिंडीत जे केलं ते फाउस्तोनं केलं, शौर्यपदक मंजूर झालं तेही फाउस्तोला. पुढं कागद तपासले तर फाउस्तो आग्बायानी नावाचं पोर चर्चच्या वहीत जन्मलेलंच नाही, आणि जो जन्मलाय तो क्रिसान्तो पळालेला. न जन्मलेल्याला पदक देता येत नाही आणि पळालेल्याला तर नाहीच.

दर जूनला खिंडीतले जुने सैनिक चौकात रांगेनं उभे राहतात. तातांग इस्त्रीचा सदरा घालून जातात आणि बर्फगोळेवाल्याशेजारी उभे राहतात. एका वर्षी एका म्हाताऱ्यानं रांगेतून हाक मारली, "ए पळपुट्या, सावलीत हो, ऊन लागेल." लोक हसले. तातांगही हसले. घरी येऊन सदरा काढला आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. त्या दिवसापासून अर्ज लिहायचं काम मी अंगावर घेतलं. सात अर्ज केले. सून झाले म्हणून काय झालं, माझं डोकं फिरलं होतं.

त्या मंगळवारी आम्ही संध्याकाळपर्यंत भट्टी भरली. नार्सोनं चुलाण पेटवलं. "आता सहा दिवस मी इथून हलायचा नाही," तो म्हणाला. "उष्णता एकदा चुकली की पान पिवळं व्हायच्या ऐवजी हिरवंच वाळतं. तातांगांबरोबर तूच जा. तुझं तोंड चालतं, माझं चालत नाही."

"बरं झालं, तूच बोललास," मी म्हटलं.

पहिल्या साक्षीदाराची चिंता नव्हती. मेलेसियो म्हणून तातांगांच्या दुसऱ्या तुकडीतले एकटेच हयात होते, एका कानानं बहिरे, पण निरोप मिळताच येतो म्हणाले. पण मेलेसियोंना माहीत फक्त फाउस्तो. क्रिसान्तो आणि फाउस्तो एकच, हे सांगू शकणारं जिवंत माणूस जगात एकच उरलं होतं. तातांगांची बहीण रेमिगिया, जिला आम्ही ईकित म्हणतो, आत्या. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

ईकित नदीपलीकडं एकटी राहते. एकोणऐंशी वर्षांची. आम्ही बुधवारी सकाळी पाण्यातून चालत गेलो तर ती पायरीवर बसून चिरूट ओढत होती, जळतं टोक तोंडात आत ठेवून, आमच्याकडच्या जुन्या बायका ओढतात तशी.

"कशाला आलात ते कळलंय," ती म्हणाली. "पत्राची बातमी नदीनं तुमच्या आधी आणली. मी यायची नाही."

"ईकित, एक शब्द बोलायचाय फक्त," मी म्हटलं.

"तोच शब्द बोलायचा नाही."

"तातांग सत्तर वर्षांचे झाले. आता आजाराला काय, कुठल्याही नावानं सापडतील ते."

तिनं चिरूट तोंडातून काढला आणि माझ्याकडं बघितलं. "तू या घरात लग्न होऊन आलीस तेव्हा तुझा सासरा जिवंत होता ना? तो कुणामुळं होता? आणि हिलारियो ठाऊक आहे तुला?"

हिलारियो त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्याचंही ताटाखालचं बारसं झालं होतं. नऊ वर्षांचा असताना पाद्रीबाबांनी वहीत बघून त्याला जुन्या नावानं हाक मारली, पोरानं शहाण्यासारखी ओ दिली, आणि आठव्या दिवशी त्याला पुरला.

"त्याच्या मागं मी उभी होते," ईकित म्हणाली. "त्याच्या तोंडावर हात ठेवायला एक पाऊल उशीर झाला माझा. तुझ्या पदकाचं मला कौतुक सांगू नकोस."

 मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. समोर माणूस पळपुटा म्हणून मरायला टेकलाय आणि ही बाई अंड्याचं काय घेऊन बसलीय, असंच मला वाटत होतं.

तातांगांनी कुऱ्हाड उचलली. मागच्या बाजूला जाऊन तिची लाकडं फोडत बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला, गुडघे करकरत होते, तरी ओंडक्यामागून ओंडका. शेवटी ती पायरीवरूनच ओरडली.

"पुरे कर, मेल्या. पाठ मोडून घेशील."

"मनांग," ते म्हणाले, आमच्याकडं थोरल्या बहिणीला असंच म्हणतात, "नाव नको घेऊस. नुसती येऊन बस माझ्याशेजारी. तिथं मी एकटा बसलो ना, तर मला परत बर्फगोळेवाल्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटेल."

तिनं चिरूट पायरीवर विझवला.

"बसायला येते," ती म्हणाली. "तोंड उघडणार नाही. आधीच सांगून ठेवते."

गुरुवारी भाड्याच्या जीपनी गाडीत आम्हाला जागा मिळाली ती कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये. तातांगांनी मंगळवारपासून राखेनं नि लिंबानं हात घासघासून कातडी सोलवटून घेतली होती, तरी नखांत चीक होताच. ते सारखे हात खिशात घालत होते. मी तर अर्ध्या रस्त्यात दोनदा पिशवी उघडून कागद आहेत ना ते बघितलं.

सभागृहात तीस-चाळीस म्हातारे, सगळ्यांचे सदरे कडक. पुढं टेबलामागं एक मेजर, चष्मेवाला, आवाज मऊ, शेजारी टंकलेखक. आमचा नंबर अकराला आला. मेलेसियो उठले आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात बोलायला लागले, म्हणजे रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

"वरून गोळ्या येत होत्या. उतारावर आमची तीन पोरं पडलेली. हा फाउस्तो खाली गेला, एकाला पाठीवर घेऊन वर आला. परत गेला, दुसऱ्याला आणलं. सार्जंट म्हणाला, बस झालं. हा म्हणाला, अजून एक आहे. तिसऱ्या खेपेला याच्या मांडीतून गोळी गेली, तरी यानं त्याला टाकला नाही."

"तिसरा कोण होता?" मेजरनं विचारलं.

मेलेसियोंना ऐकू गेलं नाही. मेजरनं उठून त्यांच्या चांगल्या कानापाशी येऊन विचारलं.

"मी की. दुसरा कोण असणार? म्हणून तर सांगतोय," मेलेसियो म्हणाले.

बाकांवरून म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. आणि मी, यांच्याच घरात वीस वर्षं भात शिजवलेली बाई, हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते. मांडीवरचा तो खड्डा मी बघितला होता. कशाचा आहे विचारलं तर तातांग म्हणायचे, रेड्यानं शिंग मारलं.

मेजरनं दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या. "ही बघा फाउस्तो आग्बायानीच्या पदकाची नोंद. मंजूर आहे. एकोणपन्नास वर्षं ते कुणाला देता आलं नाही. आणि ही क्रिसान्तो आग्बायानीची, अकरा मे, पळाला. दोघं एकच असतील तर हा माणूस पळाला नाही, आजारी पडला आणि तीन आठवड्यांनी परत आला. मग ही ओळ मी आत्ता खोडतो. पण अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं धरता येत नाही. घरातलं जुनं माणूस आहे कुणी?"

मी ईकितकडं बोट दाखवलं. तिनं ओठ मिटून घेतले.

"आजी, तुमच्या या भावाचं बाप्तिस्म्याचं नाव काय?"

ती मेजरच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत राहिली.

"साहेब, तुम्ही आत्ताच वाचलंत ते," मी म्हटलं. "ती मान हलवेल, चालेल ना?"

"नाही चालणार. मी नाव सुचवायचं आणि साक्षीदारानं मान हलवायची, असं नसतं बाई. त्यांच्या तोंडून यायला हवं, आणि आजच. उद्या आम्ही पुढच्या गावी."

ईकितनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग भावाकडं. तातांग खिशातल्या खिशात हात चोळत होते. ती म्हणाली, "आधी त्याला तिसरं नाव देते. मग जुनं सांगते. जुन्या नावानं आजार आला तर त्याला फाउस्तोही सापडायला नको."

मला वाटलं मेजर हाकलून देईल. त्यानं चष्मा काढून पुसला. "माझी आजीही तुमच्यासारखी उत्तरेचीच होती," तो म्हणाला. "किती वेळ लागतो?"

मग काय, मी पळालेच. खाणावळवालीकडून तीन अंडी आणि एक पत्र्याचं ताट आणलं. मोरीतला आरसा टंकलेखकानं स्वतः खिळ्यावरून काढून दिला. तातांगांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या डोक्यावर मी ताट धरलं, आणि ईकित टेबलाशी आरशावर अंडं धरून बसली. म्हातारे बाकांवरून उठून भोवती गोळा झाले. जो तो नाव सुचवायला लागला. इसाबेलो. व्हेनान्सिओ. एकजण म्हणाला, माझ्या सासऱ्याचं नाव लावा, ब्याण्णव वर्षं जगून सगळ्यांना छळलं त्यानं. हसण्याचा असा काही गलका झाला की बाहेरचे लोक खिडकीशी आले. मीही हसत होते. माझ्या हातातलं ताट थडथड वाजत होतं.

पण अंडं उभं राहीना. पंखा बंद केला, टेबलाखाली पुठ्ठा सरकवला, तरी नाही. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. ईकितचे हात थरथरत होते. घरातल्या थोरल्या बाईनंच ते करायचं असतं, दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही, आणि तिची बोटं आता अंड्याला सोडताना हलल्याशिवाय राहत नव्हती. पहिलं अंडं घरंगळलं. दुसरं जमिनीवर फुटलं. तिसऱ्याला ती घाम येईतो धरून बसली, एकेक नाव पुटपुटत, आणि तेही कलंडलं. गलका हळूहळू बंद झाला. टंकलेखकानं घड्याळाकडं बघितलं.

"राहू दे, मनांग," ताटाखालून तातांग म्हणाले. "तू आलीस तेवढं पुरे. चल, घरी जाऊ. भट्टीवर नार्सो एकटा आहे."

मला रडू फुटलं. इतक्या जवळ येऊन परत फिरायचं. मी ताट खाली घेतलं.

ईकित उठली नाही. हात घागऱ्याला पुसत ती मेजरला म्हणाली, "साहेब, नाव ज्याचं असतं त्यालाच आजार शोधतो. बरोबर?"

"तुमच्यात तसं म्हणतात."

"आणि नाव मोकळं पडलेलं असलं तर तो जुन्या मालकाकडं जातो. आईनं याचं नाव काढलं ते मोकळंच टाकलं, म्हणून एकोणपन्नास वर्षं मला झोप नाही." तिनं आपला हात छातीवर ठेवला. "ते मी घेतलं. हे सगळे साक्षीला आहेत. रेमिगिया पुसून टाका. आता लिहा. माझ्या भावाला बाप्तिस्म्यात दिलेलं नाव क्रिसान्तो. पंचेचाळीसच्या मे महिन्यात आईनं ते काढून त्याला फाउस्तो केलं. ताट मीच धरलं होतं. तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. पळून जायला त्याला पाय उचलता येत नव्हते, आम्ही त्याला मोळीसारखा बांधून आणला."

टंकलेखकाची बोटं एवढी भराभर चालली की दुसरा आवाजच नव्हता. मेजरनं पट्टी ठेवली, लाल शाईनं ती ओळ खोडली, सही केली आणि वही उलटी फिरवून तातांगांना दाखवली. तातांगांनी त्या लाल रेघेवर काळ्या नखाचं बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"दुरुस्त नोंद सगळ्यांसमोर वाचायची आणि हजेरी घ्यायची, असा नियम आहे," मेजर म्हणाला. तो उभा राहिला, म्हणून सगळेच उभे राहिले. "क्रिसान्तो आग्बायानी."

तातांगांचं अंग ताठ झालं. शिपाईच तो, हजेरीला नाव आलं की छाती आपोआप पुढं येते. त्यांनी तोंड उघडलं होतं. ईकितनं तळहात त्यांच्या ओठांवर दाबला आणि स्वतः एक पाऊल पुढं गेली.

"हजर," ती म्हणाली.

मेजरनं वहीत खूण केली. तातांगांनी तिचा हात ओठांवरून काढला, पण सोडला नाही. ते ढसाढसा रडत होते.

"मनांग, ते नाव परत दे मला. माझं आहे ते."

"आता मागून मिळायचं नाही," ईकित म्हणाली. "तू पदक घे."